मोहाच्या दिवसांतला सफारी मार्ग: बफरमधल्या एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव पूर्व विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, म्हणजे संरक्षित गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात आहे. गावाचं नाव, सफारीच्या गेटचं नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. सामूहिक वनहक्काच्या कामामुळे माझं इथे जाणंयेणं आहे. ज्या ग्रामसभांचा पुढे उल्लेख येतो त्यांना मी हजर होते. बाकीचं गावातल्या बायका, गाईड, जिप्सीवाले (सफारीच्या उघड्या गाड्यांचे मालक-चालक), वनविभागाचे कर्मचारी आणि एका रिसॉर्टचा मॅनेजर यांच्याशी बोलून लिहिलं आहे.

गाव दीडशे घरांच्या आतबाहेर. धानाचं एक पीक, तेही मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) भरला तर. धान घरात आलं की उन्हाळा सरेपर्यंत शेतात काम नसतं, आणि त्या रिकाम्या महिन्यांत घर चालतं ते जंगलावर: मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपानं. मोहाची फुलं मध्यरात्रीनंतर गळायला लागतात आणि सकाळपर्यंत गळत राहतात. उशीर केला की चितळं आणि गुरं खाऊन जातात, उरलेली उन्हानं चिपाडतात. म्हणून बाया तांबडं फुटायच्या आधी निघतात. कुठलं झाड कोणाच्या घराचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. कागदावर त्याची कुठेच नोंद नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. वेचलेली फुलं अंगणात वाळतात, थोडी घरात राहतात, बाकीची आठवडी बाजारात विकून तेल-मीठ, औषधपाणी आणि जून महिन्यातली पोरांची वह्यापुस्तकं निघतात.

सफारी गावात आली ती नंतर. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह पुन्हा परवानगी दिली. गाभ्याच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागात पर्यटन ठेवायचं आणि पुढचा विस्तार बफरकडे वळवायचा, असं त्या तत्त्वांत आहे. त्यानंतर विदर्भातल्या प्रकल्पांत बफरची गेटं एकेक करून वाढत गेली. या गावाला गेट मिळालं तेव्हा लोकांनी आनंदानं मिळवलं, हे नीट सांगायला हवं. गावातल्या पोरांना गाईडचं प्रशिक्षण मिळालं, काहींनी कर्ज काढून जिप्सी घेतल्या, गेटच्या उत्पन्नाचा वाटा ग्राम परिस्थितीकीय विकास समितीकडे येऊ लागला. जी पोरं एरवी धान कापून झाल्यावर नागपूरला किंवा तेलंगणात मिरची तोडायला गेली असती, ती घरी राहिली.

त्यामुळे या प्रकरणात गाव एका बाजूला आणि पर्यटन दुसऱ्या बाजूला असं चित्र कुणी मनात धरू नये. एकाच घरात आई मोह वेचणारी आणि मुलगा गाईड, अशी कितीतरी घरं इथे आहेत.

अडचण

सफारीचा सकाळचा मार्ग नाल्याच्या कडेनं जातो. तिथे उन्हाळ्यातही पाणी टिकतं, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता जास्त. त्याच नाल्याच्या कडेला गावातल्या बऱ्याच घरांचे मोह आहेत. मार्ग आखताना जिप्सीचा रस्ता, पाणवठे आणि वळायला जागा एवढं पाहिलं गेलं. मोहाची झाडं कोणी मोजली नाहीत, कारण मार्ग आखणाऱ्यांत मोह वेचणारं कोणी नव्हतं.

पहिली दोन वर्षं कुरकुर होती, पण निभावून गेलं. तिसऱ्या वर्षी नाल्यात एका वाघिणीनं बछड्यांसह मुक्काम केला आणि गेटचं नाव सगळीकडे झालं. गाड्या भरून यायला लागल्या, मोठमोठ्या लेन्सा घेऊन फोटोग्राफर यायला लागले. एप्रिलच्या सुरुवातीला एका गटाच्या फोटोंत वाघिणीच्या मागे लाल लुगड्यातली बाई आणि तिची टोपली आली. त्या गटानं परतल्यावर रिसॉर्टकडे तक्रार केली की जंगलात माणसंच माणसं आहेत, हे कसलं जंगल. मग परिसरातल्या काही रिसॉर्टवाल्यांनी मिळून वनपरिक्षेत्र कार्यालयाला पत्र दिलं: सफारीच्या वेळात गावकऱ्यांना मार्गापासून दूर ठेवावं. पत्रात कारण लिहिलं होतं, लोकांची सुरक्षितता.

सुरक्षिततेचा प्रश्न खोटा नव्हता. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात मोह वेचताना एक बाई वाघाच्या हल्ल्यात गंभीर जखमी झाली होती. मोहाच्या दिवसांत असे हल्ले वाढतात आणि त्याची कारणंही माहीत आहेत. अंधुक उजेड असतो, माणूस तासन्तास वाकून असतो आणि वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. अस्वलालाही मोह आवडतो, तेव्हा त्याच झाडाखाली अस्वलाची गाठ पडायचा धोका वेगळा. पण फोटोत माणूस येऊ नये आणि माणसाला वाघ लागू नये या दोन मागण्या त्या पत्रानं एकाच गाठोड्यात बांधल्या, आणि पुढचे कित्येक आठवडे सगळे त्या गाठोड्यावरच भांडत राहिले.

वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी तोडगा सुचवला: या पट्ट्यात सकाळी दहानंतरच मोह वेचावा. अधिकारी समजदार होते, गावाशी त्यांचे संबंध चांगले होते, आणि त्यांच्या डोक्यावर आदल्या वर्षीच्या हल्ल्याचं ओझं होतं. पण दहा वाजता झाडाखाली वेचायला काही उरत नाही. दहानंतर वेचा म्हणजे वेचूच नका.

जे ग्रामसभेत बाहेर आलं

दहाच्या नियमावर ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सुरुवातीला पुरुषच बोलत होते. जिप्सीवाल्यांचं म्हणणं, वर्षाचे हप्ते याच तीन महिन्यांत निघतात, साइटिंग, म्हणजे वाघ दिसणं, गेलं तर गाड्या दुसऱ्या गेटला जातील. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं, गेट आलं तेव्हा असं काही ठरलं नव्हतं.

मग मागे बसलेली एक बाई उठली. तिचा धाकटा मुलगा गाईड आहे. ती म्हणाली, "दहाचा नियम तं आता आला. आमाले तं मागच्या सालापासूनच लपाले लावून रायले. गाडी आली का पोट्टे हात दाखवतेत, बसा म्हणून. आमी झुडपामांगं बसून जातो. गाडी गेली का उठतो."

काही क्षण कोणी काही बोललं नाही. मग एकेक बाई सांगायला लागली. गाडीचा आवाज आला की टोपली पालापाचोळ्याखाली सरकवायची, पदर डोक्यावरून घेऊन खाली बसायचं, गाडी थांबली तर तसंच बसून राहायचं. एकीला तसं बसलेली असताना पलीकडून चितळाचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, ऐकू आला. गाडी तिथेच उभी, सगळे कॉलच्या दिशेनं पाहताहेत, आणि ही झुडपामागे उकिडवी. उठावं तर पोराचा पाहुणा नाराज होईल, बसावं तर वाघ कुठे आहे ठाऊक नाही.

गाईड पोरांच्या माना खाली गेल्या होत्या. त्यांना मी दोष देणार नाही. पाहुणा एकच प्रश्न घेऊन येतो, वाघ दिसेल का, आणि परत जाताना त्या उत्तरावर टिप देतो. आईला लपवणं हे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. पर्यटकाच्या चेहऱ्यावरचा हिरमोड वाचून ते आपोआप शिकले होते.

वाघाच्या जंगलात माणसानं वाकून, लपून बसू नये हे जो वनविभाग गावागावांत फलक लावून सांगतो, त्याच विभागाच्या सफारी मार्गावर बायका रोज सकाळी तेच करत होत्या, आणि अधिकाऱ्यांना याची कल्पना नव्हती. माझ्या मते प्रकरणाची दिशा इथे बदलली. तोवर चर्चा होती ती पर्यटक आणि बायका यांतलं कोण कुणाच्या वाटेत येतं याची. आता प्रश्न असा झाला की एका निर्मनुष्य जंगलाच्या चित्रासाठी आपण किती धोका पत्करतो आहोत.

ते चित्र कुठून येतं हेही पाहायला हवं. बाहेरच्या जगात विदर्भाची दोनच चित्रं पोचतात: एक आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचं, दुसरं रस्ता ओलांडणाऱ्या वाघाचं. पहिल्यात फक्त माणूस असतो, दुसऱ्यात माणूस नसतोच. जंगलातल्या लोकांनी स्वतःचं जंगल असं कधी पाहिलेलं नाही. ताडोबा तलावाच्या काठी तारू या आदिवासींच्या देवाचं ठाणं आहे; वाघाशी झुंजताना तो मेला अशी कथा आहे आणि पौषात आदिवासी भाविक त्याच्या दर्शनाला येतात. त्या कथेत वाघ आहे तसा माणूसही आहे, दोघं एकाच जागी. कायद्यालाही बफर असंच दिसतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात बफर म्हणजे वन्यजीव आणि माणसाचे व्यवहार यांनी सोबत नांदण्याची जागा, स्थानिकांच्या उपजीविकेच्या आणि सांस्कृतिक हक्कांची दखल घेऊन ठरवायची, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये गौण वनोपज (मोह, तेंदूसारखी) गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. म्हणजे नाल्याकाठी वेचणारी बाई कुणाच्या मेहेरबानीनं तिथे नव्हती. जाहिरातीत मात्र बफर आणि गाभा यांत फरक नसतो, दोन्हींचा फोटो एकच.

कोणते मार्ग होते

दहाचा नियम मान्य करून समितीच्या निधीतून बायांना नुकसानभरपाई द्यावी, हा पहिला प्रस्ताव. जिप्सीवाल्यांना तो सोपा वाटला. बायांनी तो लगेच नाकारला, आणि कारण पैशांचं नव्हतं. एक वर्ष झाडाखाली गेलो नाही तर पुढच्या वर्षी झाड आपलं आहे हे सांगायला काय राहील, असा त्यांचा सवाल होता. नोंद नसलेला हक्क वापरातूनच टिकतो, हे त्यांना वकिलाशिवाय कळत होतं.

दुसरं टोक म्हणजे मोहाच्या दिवसांत सकाळची सफारी बंद करणं. काही म्हाताऱ्यांचा आणि दोन-तीन तरुण पोरींचाही याला पाठिंबा होता. पण तीच हंगामाची कमाई, आणि हप्ते थकले की जिप्सी ओढून नेतात. हे पोटतिडकीनं बोलणारे जिप्सीवाले त्याच बायांचे मुलगे आणि पुतणे होते.

रिसॉर्टच्या मॅनेजरनं तिसरी गोष्ट सुचवली आणि ती त्यानं मनापासून सुचवली. बायांना लपवायचं कशाला, उलट पाहुण्यांना त्यांच्यासोबत मोह वेचू द्या, त्याचे पैसे बायांना मिळतील, शेवटी अंगणात नाश्ता. कागदावर हे फार गोंडस दिसत होतं. पण पहाटे साडेपाचला आठ-दहा अनोळखी माणसं झाडाखाली आली की फुलं पायांखाली जातात, आवाज वाढतो, आणि बाईचं लक्ष जंगलावर राहत नाही. शिवाय एका बाईनं विचारलं ते मला अजून पुरतं सोडवता आलेलं नाही: "आमी गरीब दिसलो तं फोटो चांगला, आन् आमी वाघाच्या मांगं दिसलो तं फोटो खराब. मंग आमी कसं दिसाचं?" बायांनी हा मार्ग त्या हंगामापुरता नाकारला. वाळवण आणि मोहाचे पदार्थ गावात, दिवसा दाखवायला त्यांची हरकत नव्हती.

चौथा मार्ग होता सफारीचा रस्ताच हलवण्याचा. नाल्यापासून लांब एक जुनी बैलबंडीची वाट होती. ती दुरुस्त केली तर सकाळी गाड्या तिकडून जाऊ शकत होत्या. तिथे पाणी नाही, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता कमी. गाईड पोरांना हेच नको होतं.

काय केलं

ग्रामसभेनं आधी दोन प्रश्न वेगळे केले. पर्यटकाला काय दिसावं यावर बायांच्या वेळा ठरणार नाहीत, असा ठराव झाला. सुरक्षिततेवर वनविभाग सांगेल ते ऐकून घ्यायचं आणि शक्य ते सगळं करायचं, असा दुसरा. अधिकाऱ्यांना हे वेगळेपण पटलं, कारण लपण्याची गोष्ट ऐकून सगळ्यात जास्त हादरले ते तेच होते.

मग झाडांची यादी केली. दोन बाया, एक बीट गार्ड (वनरक्षक) आणि शाळेतली मोठी पोरं नाल्याच्या कडेनं फिरले आणि प्रत्येक मोह कोणाच्या घराचा हे वहीत लिहिलं. जागेवर पाहिल्यावर कळलं की सगळीच झाडं सफारी मार्गाला अगदी लागून नव्हती, फक्त एका वळणाच्या आसपासची होती. कित्येक आठवडे पूर्ण पट्ट्यावर वाद चालला होता तो खरं तर त्या एका वळणाचा होता. यादी आधी केली असती तर अर्धी कडवट बोलणी झालीच नसती.

त्या वळणाचा तुकडा मोहाच्या हंगामात सकाळी आठपर्यंत गाड्यांना बंद ठेवायचं ठरलं. तोवर गाड्या बैलबंडीच्या वाटेनं जातील, आठनंतर नाल्याकडे वळतील. बायांनी आपल्या बाजूनं उजाडल्याशिवाय झाडाखाली न जाण्याचं मान्य केलं, आणि हा त्यांचा मोठा त्याग होता, कारण पहिली फुलं चितळांना जातात. एकटीनं जायचं नाही, पाच-सहा जणींच्या गटात जायचं, एकीनं उभं राहून पाहत राहायचं, प्राथमिक प्रतिसाद दलातला (वन्यप्राण्यांच्या प्रसंगी मदतीला धावणाऱ्या गावातल्या तरुणांच्या गटातला) एक जण सोबत. वाघिणीचा आदल्या संध्याकाळचा ठावठिकाणा बीट गार्ड समितीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकेल. झाडाखालचा पालापाचोळा जाळायचा नाही, खराट्यानं झाडायचा. वणव्याचं एक मोठं कारण यानं कमी झालं.

आणि लपणं बंद. गाडी दिसली की बाईनं सरळ उभं राहायचं. गाईडनं गाडी हळू करायची पण थांबवायची नाही, विचारल्याशिवाय फोटो काढू द्यायचा नाही, आणि निघण्याआधी गेटवर पाहुण्यांना सांगायचं की हा बफर आहे, इथे लोक कामाला येतात, ते तुमच्या सफारीत व्यत्यय आणत नाहीत. हे वाक्य काय असावं यावर पोरांनी बराच वेळ घालवला. पहिल्या मसुद्यात "कृपया सहकार्य करावे" होतं. ज्याची आई वाकून लपत होती त्या पोरानं ते खोडलं आणि लिहिलं, "इथे वेचणाऱ्या बायांत माझी आई आहे." तो आजही गाडी निघण्याआधी हेच सांगतो.

काय झालं

त्या हंगामात गावातली एकही बाई जखमी झाली नाही. नियमांमुळेच असं मी म्हणणार नाही. वाघीण मध्येच बछडे घेऊन पलीकडच्या टेकडीकडे सरकली होती. पण बाया लपत नाहीत एवढं तरी नक्की झालं, आणि गार्डचा संध्याकाळचा निरोप त्यांनी इतका मनावर घेतला की दोनदा त्या स्वतःहून घरी थांबल्या.

एका रिसॉर्टनं आपले गट दुसऱ्या गेटकडे वळवले. जिप्सीवाल्यांच्या पाळ्या काही आठवडे रिकाम्या गेल्या आणि गावात त्यावरून भांडणं झाली, एका घरात तर आई-मुलात बोलणं बंद होतं. पुढच्या वर्षी गाड्या बऱ्याच प्रमाणात परत आल्या. पर्यटकांचं म्हणाल तर, माणसं दिसली की ते नाराज होतील हा रिसॉर्टवाल्यांचा अंदाज चुकला. आधी सांगितलं की बहुतेक लोक समजून घेतात. कित्येक जण उतरल्यावर गाईडला मोहाबद्दल विचारतात. हिरमोड होतो तो ज्याला निर्मनुष्य जंगल विकलं गेलेलं असतं त्याचा. 2024 च्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि बछड्यांची वाट अडवली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा या गावातल्या बाया बातमी वाचून घेत म्हणाल्या की जंगलात गर्दी कोणाची होते ते आता तरी कळेल.

जे सुटलं ते वेगळ्याच बाजूनं. वहीतल्या यादीत काही झाडं मालकीच्या शेतात होती. शेत एकाचं, मोह दुसऱ्याचा, ही पद्धत जुनी आणि बिनतक्रार चालत आलेली. वाघिणीच्या नावानं गेट गाजलं तशा रस्त्याकडच्या जमिनी बाहेरचे लोक मागायला लागले, आणि दोन शेतकऱ्यांनी विकल्या. नव्या मालकानं तारेचं कुंपण घातलं. आतली झाडं तीन घरांची होती.

वेगळं काय करता आलं असतं

मार्ग आखताना मोह आणि तेंदूच्या जागा नकाशावर घ्यायला हव्या होत्या, आणि ते काम वेचणाऱ्या बायांसोबत एका हंगामात, मार्चमध्येच करायला हवं होतं. जानेवारीत फिरून कोणालाही मोहाखालची वर्दळ दिसणार नाही. समितीत बाया होत्या, पण सह्यांपुरत्या. मार्गाचा निर्णय समितीपुढे आला तेव्हा तो तांत्रिक म्हणून चर्चेविनाच पुढे सरकवला गेला.

रिसॉर्टच्या पत्रात सुरक्षितता हे कारण आलं त्याच दिवशी वनविभागानं विचारायला हवं होतं की धोका नेमका कोणत्या वेळी, कोणत्या झाडांखाली आहे. तेव्हा विचारलं असतं तर लपण्याची गोष्टही आधीच उजेडात आली असती.

गाईडच्या प्रशिक्षणात पक्षी, पगमार्क (पावलांचे ठसे), झाडांची शास्त्रीय नावं आहेत. आपल्याच गावाबद्दल पाहुण्याला काय सांगायचं याचा एक तासही नाही. पोरांनी ते स्वतः घडवलं, पण दर गावाला आधी आईला लपवून मगच ते शिकावं लागावं असं काही नाही.

जमिनीचा प्रश्न सगळ्यात उशिरा लक्षात आला आणि सगळ्यात महागात पडला. गेट मिळतं तेव्हाच, भाव वाढण्याआधी, मालकीच्या शेतातल्या झाडांवरचे वहिवाटीचे हक्क ग्रामसभेच्या ठरावात नोंदवले तर विक्रीच्या वेळी निदान दाखवायला कागद असतो. या गावानं तो ठराव आता केला आहे. कुंपणातल्या झाडांबाबत तीन घरांनी तहसीलमध्ये अर्ज दिला आहे, नव्या मालकानं हंगामात फाटक उघडायची तयारी तोंडी दाखवली आहे, आणि ती लेखी घ्यावी की अर्जाच्या निकालाची वाट पाहावी यावर ग्रामसभेत अजून एकमत झालेलं नाही.